बिनअक्षरांची पुस्तकं

आई,

चांगला जाड पुठ्ठा आता कुठे मिळत नाही. इतक्या वर्षांनी तुला लिहायला घेतलं आणि पहिलं वाक्य हे आलं, तर येऊ दे. तुझी खुशाली विचारण्यात तसाही अर्थ नाही आणि माझी सांगायला बसले तर पुठ्ठ्यापासूनच सुरुवात करावी लागेल. कुरिअरची खोकी घरात ढिगानं येतात, पण त्यांचा पुठ्ठा आतून पोकळ, दोनदा वाकवला की मान टाकतो. स्टेशनरीच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणतो, "प्रोजेक्टसाठी का, मॅडम?" त्याला वाटतं शाळेतल्या नातवाचं प्रोजेक्ट असणार. मी हो म्हणते. साठी उलटलेल्या बाईला तिच्या आईसारखी पुस्तकं करायची हुक्की आलीय, हे भर दुपारी काउंटरवर उभं राहून कोण सांगत बसणार?

तुला पणतू झालाय. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा पोटात होता, आता त्या मुलाचा मुलगा घरभर पळतो. हे गेल्यापासून मी मुलाकडेच राहते, मद्रासच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला. तुझ्या डोळ्यांसमोर इथे महाबलीपुरमच्या बसच्या खिडकीतून दिसलेली सुरूची झाडं येतील. आता इथे काचेच्या इमारती आहेत, त्यातल्या एकीत मुलगा जातो, एकीत सून, आणि संध्याकाळी दोघंही रस्त्याला शिव्या देत घरी येतात. सून तमिळ आहे. गुणी आहे, तोंडानं फटकळ आहे, तुझं तिच्याशी जमलं असतं. दिवसा अक्का येते, ती स्वयंपाक करते आणि बाळाला बघते. मी आणि अक्का मिळून त्याला बघतो असं म्हणायचं, खरं तर तो आम्हा दोघींना बघतो.

त्याच्या खोलीत एक बुटकं कपाट आहे आणि ते नुसतं पुस्तकांनी भरलेलं आहे. बोर्ड बुक्स म्हणतात त्यांना. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला हसूच आलं. अगदी तुझीच गं! जाड पानं, गोल कोपरे, तळहाताएवढा आकार. फरक एवढाच की ही गुळगुळीत, चकचकीत, ओल्या फडक्यानं पुसता येणारी. एकात मेंढीच्या अंगावर खरी लोकर चिकटवलीय, एकात दार उघडलं की मागे मांजर. मोठं-लहान, आत-बाहेर, लाल-निळं, एक ते पाच, सगळं आहे. आणि प्रत्येक चित्राखाली इंग्रजीतलं एक वाक्य आहे. तिथेच सगळं अडलंय.

बाळ बोलत नाही, आई. दोन वर्षं उलटून गेली. कान चांगले आहेत, तपासले. सांगितलेलं सगळं कळतं, बूट आण म्हटलं की आणतो, हवं ते बोटानं दाखवतो, हसतो तर असा की समोरच्यानं विरघळावं. पण तोंडातून शब्द नाही. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. मुलांच्या डॉक्टरांनी, दुसऱ्या पेशंटला आत बोलावता बोलावता, विचारलं की घरात भाषा किती? मुलानं सांगितलं, आम्ही दोघं इंग्रजी, अक्का तमिळ, आई मराठी. डॉक्टर म्हणाले, गोंधळत असेल, एकच ठेवून बघा. झालं. घरी येऊन बैठक बसली. बालवाडीच्या मुलाखतीत इंग्रजी लागतं, म्हणून इंग्रजी ठरली. अक्काला इंग्रजी येत नाही, तर तिला कमी बोल म्हणून सांगितलं. मग मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू पण सध्या मराठी नको बोलू त्याच्याशी. राग नको मानू. थोडे दिवस फक्त."

मी राग मानला नाही. त्याचा चेहरा बघून कुणी मानला नसता. रात्रंदिवस फोनवर तो हेच वाचत असतो, कितव्या महिन्याला किती शब्द. मी म्हटलं, बरं. बँकेत तीस वर्षं इंग्रजीतच काम केलंय, नातवाशी बोलायला काय लागतंय? पण बँकेच्या इंग्रजीत पोराला मांडीवर घेता येत नाही, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. पुस्तक उघडून मी वाचते, दिस इज अ डॉग. डॉग इज ब्राउन. माझाच आवाज मला एखाद्या सर्क्युलरसारखा ऐकू येतो. कुत्र्याच्या चित्रावर कुणी "अगं बाई, हा बघ कसा शेपूट हलवतोय लबाड" असं म्हणणार नसेल, तर पोरानं त्या कुत्र्याकडे का बघावं? तो पान उलटतो, मग पुस्तक बंद करतो आणि चाकांची गाडी घेऊन निघून जातो. पूर्वी तो पुस्तक घेऊन माझ्याकडेच यायचा. आता अक्काकडे जातो. ती बिचारी कमी बोलायचं म्हणून नुसती मान हलवते. आम्ही दोघी म्हाताऱ्या मूग गिळून बसलेल्या, आणि मधे एक न बोलणारं पोर. मला फार वाईट वाटायचं, आई. घरात परक्यासारखं वाटायचं. आणि तेव्हा तू आठवायला लागलीस, ती अजून थांबली नाहीस.

पेरंबूरचं क्वार्टर. दुपारची वेळ, बाबा रेल्वेच्या कचेरीत, आणि तू बाहेरच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसली आहेस. भोवती कात्री, साबणाची वेष्टणं, बियाण्यांची पाकिटं, काडेपेट्यांवरची चित्रं, जुन्या लुगड्याच्या काठाच्या पट्ट्या. साताऱ्याहून लग्न करून आलेली तू, भाजीबाजारापुरतं तमिळ येणारी, आणि कोपऱ्यात पाच-सहा पोरं. शेजारच्या बायका कुणी शाळेत शिकवायला जायच्या, कुणी दवाखान्यात, त्यांची पोरं तू दुपारभर सांभाळायचीस. एक तमिळ, एक तेलुगू, दोघं मल्याळी भाऊ, आणि त्यांत मी, सगळ्यांत मोठी म्हणून तुझी मुकादम. त्या पोरांसाठी तू ही पुस्तकं करायचीस. कोपरे कात्रीनं गोल कापायचे, मग पायरीच्या दगडावर घासायचे, डोळ्यात जायला नकोत म्हणून. पानं काठाच्या पट्टीनं जोडायची. एक पुस्तक झालं की ते तू आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायचीस, कुठे टोचत नाही ना.

तुझं सगळंच बरोबर असायचं असं नाही हं. ऋतूंचं पुस्तक आठवतं? उन्हाळ्याला आंबा, पावसाळ्याला छत्री आणि हिवाळ्याला साताऱ्याची मावशी विणायची तसला स्वेटर, एका मासिकातून कापलेला. पेरंबूरच्या पोरांनी जन्मात स्वेटर पाहिला नव्हता. मल्याळी भावांना तो उशीचा अभ्रा वाटला आणि तेलुगू पोरानं ती देवळातल्या हत्तीची झूल ठरवली. तू त्यांना थंडी समजवायला दात वाजवून दाखवलेस, हात चोळून दाखवलेस. बाहेर जानेवारीतसुद्धा घाम येत होता. शेवटी पोरं तुझी नक्कल करत दात वाजवायला लागली आणि तो एक खेळच होऊन बसला. छत्रीच्या पानाचं तर विचारूच नकोस. जून आला की मी रोज वर बघायचे, तू सांगितलं होतंस म्हणून. मद्रासचा जून नुसता भाजून काढायचा. पाऊस आला तो दिवाळीला, आणि मला वाटलं हा आपल्या पुस्तकाला घाबरून लपून बसला होता.

पुठ्ठा तुला कुठून मिळायचा हे आठवलं आणि मी एकटीच खदखदून हसले. तमिळ घरांत रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, जाड पुठ्ठ्यावर देवाचं मोठं रंगीत चित्र आणि खाली तारखांचा गठ्ठा. वर्ष संपलं की पानं संपतात, पुठ्ठा उरतो. तो टाकायचा कसा, त्यावर देव आहे! म्हणून तो कपाटामागे पडून राहतो. तू घरोघर जाऊन ते पुठ्ठे मागून आणलेस आणि लोकांनीही सुटलो म्हणून दिले. तू देवांवर पांढरा कागद चिकटवलास, त्यावर बदक, बादली, केळं. पुस्तक फार देखणं झालं होतं. पण पोरांची जात! खालच्या मजल्यावरच्या मामींचा नातू त्यावर बसला, मग उठून कोपरा चघळायला लागला, आणि लाळेनं कागद सुटला. त्याच वेळी मामी त्याला न्यायला दारात उभ्या. बदकाच्या पंखाखालून पेरुमाळचं, म्हणजे विष्णूचं, कपाळावरचं नाम दिसतंय आणि नातवाच्या तोंडातून लाळ गळतेय.

"अय्यय्यो! पेरुमाळ!" मामींनी पुस्तक ओढून घेतलं, डोळ्यांना लावलं, तर डोळ्यांना लाळ लागली. त्या उंबऱ्यावर बसल्याच. तुझ्यावर ओरडल्या नाहीत, थेट देवाचीच क्षमा मागायला लागल्या, ते जास्त वाईट होतं. तू माझ्याकडे बघितलंस. "काय म्हणतायत गं?"

"म्हणतायत, पोर देवावर बसलं होतं."

तू पदरानं हात पुसलेस आणि म्हणालीस, "त्यांना सांग, देवावर नाही बसलं. देवाच्या मांडीवर बसलं होतं."

मी ते तमिळमध्ये सांगितलं. मामी इतक्या हसल्या की नातू घाबरून रडायला लागला. पण तू तेवढ्यावर सोडलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सगळे पुठ्ठे पाण्यात भिजवलेस, देव हलक्या हातानं सोडवलेस आणि मागच्या अंगणात दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेस. मुरुगन, पिळ्ळैयार, मीनाक्षी, पेरुमाळ, सगळे ओळीनं वाऱ्यावर हलतायत, आणि रेल्वेतली माणसं सायकलवरून जाता जाता हँडल सोडून नमस्कार करतायत. वाळल्यावर मामींनी ते देवळातल्या पिंपळाखाली नेऊन ठेवले. तेव्हापासून कॅलेंडरं मामीच गोळा करून आणायच्या, देव आधीच सोडवून.

तुझ्या पुस्तकांत अक्षर नव्हतं. मला वाटायचं, तुला तमिळ लिहिता येत नाही आणि मराठी इतरांना वाचता येत नाही, म्हणून असेल. तू कावळ्याचं पान समोर धरायचीस. तमिळ पोर म्हणायचं काक्का, तेलुगू म्हणायचं काकी, मी म्हणायचे कावळा, आणि तू प्रत्येकाकडे बघून मान हलवायचीस, बरोबर, बरोबर, बरोबर. मला त्याचा राग यायचा. सगळ्यांचंच बरोबर कसं? मी तेव्हा नुकतीच शाळेत इंग्रजी अक्षरं शिकले होते आणि अंगात मास्तरीण संचारली होती. एका रविवारी बाबांच्या शाईच्या पेननं मी कावळ्याखाली, घराखाली, चेंडूखाली, सगळीकडे इंग्रजी नावं लिहून काढली. छान गोल अक्षरात. वाटलं तू शाबासकी देशील.

सोमवारी तेलुगू पोराची आई त्याला घ्यायला आली. रोज ती पाच मिनिटं बसायची, पुस्तक मांडीवर घ्यायची, पोराशी बडबडायची. त्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं, अक्षरं दिसली, तशी हळूच मिटलं आणि खाली ठेवलं. तुझ्याकडे बघून ओशाळं हसली आणि पोराला घेऊन गेली. पोरं गेल्यावर तू मला समोर बसवलंस. मारलं असतंस तर बरं झालं असतं.

"काल त्या बाईला कावळा येत होता," तू म्हणालीस. "आज येत नाही. तुझ्या चार अक्षरांनी."

मग आपण दोघींनी मिळून प्रत्येक अक्षरावर नवा कागद डकवला. मी रडत होते आणि तू मला खळ लावायचा ब्रश देत होतीस. ती खळसुद्धा तुझी वेगळी. बाबांच्या कचेरीत वह्या-फायली बांधणाऱ्या दफ्तऱ्यानं सांगितलं होतं, मैद्याच्या खळीत मोरचूद घाला, किडा लागत नाही, पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं. तू म्हणालीस, "पोरं पुस्तक आधी खातात, मग बघतात. विष घालू होय त्यात?" बिनविषारी खळीची तुझी पुस्तकं पोरांनी खाल्ली आणि पोरांनी सोडली ती झुरळांनी. क्वार्टर सोडताना ट्रंक उघडली, तर आत काठाच्या चार पट्ट्या आणि भुसा. एकही उरलं नाही, आई. नातवाला दाखवायला माझ्याकडे तुझं काही नाही.

म्हणून मी स्वतः करायचं ठरवलं. आणि खरं कारण सांगू? मला त्यात एक पळवाट दिसली. पुस्तकात अक्षरच नसेल तर ते कुठल्या भाषेत वाचलं हे कोण पकडणार! सून कुणाच्या तरी लग्नाची साडी घ्यायला टी. नगरला निघाली, तिच्याबरोबर मी गेले. ती पदर बघत होती आणि मी खोकी. भारी रेशमी साड्यांची खोकी अजून चांगल्या पुठ्ठ्याची येतात. मी विक्रेत्याला म्हटलं, साडी साधी चालेल, खोकं तेवढं जाड द्या, आणि असतील तर आणखी दोन-चार रिकामी. तो सुनेकडे बघायला लागला, म्हातारीचं ठीक आहे ना अशा नजरेनं. सून म्हणाली, "अत्तै जे मागतायत ते द्या हो." परत येताना रिक्षात खोकी मांडीवर घेऊन बसलो तेव्हा तिनं विचारलं आणि मी तिला तुझं सगळं सांगितलं, दोरीवरच्या देवांसकट. ती पोट धरून हसली. मग पुलाखाली गर्दीत अडकलो तेव्हा म्हणाली, "त्या मामी माझ्या आजीसारख्याच वाटतात."

चित्रं मी तुझ्यासारखीच जमवली. वाण्याची पिशवी, बिस्किटाचा पुडा, वर्तमानपत्रातल्या जाहिराती. कात्री आता हातात थरथरते, कोपरे काही तुझ्यासारखे झाले नाहीत. फरशीवर घासून बघितले, पण या गुळगुळीत फरशीवर काही घासलं जात नाही, शेवटी सुनेच्या नखांच्या कानशीनं गोल केले. सहा पानांचं पुस्तक झालं. कावळा, केळं, बादली, चाक, पोरगं, म्हातारी. जरा तिरपागडं, पण आपलं.

रात्री जेवणं झाल्यावर सून बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि तिनं ते उघडलं. "अत्तै, यात काही लिहिलेलं नाही. मी वाचू काय?"

"दिसेल ते बोल," मी म्हटलं.

तिनं कावळ्यावर बोट ठेवलं. "क्रो," म्हणाली. "इट्स अ क्रो." आणि थांबली. पुढे तिला काही सुचेना. खाली वाक्य असतं तर तिनं वाचलं असतं. मग तिचा आवाज बदलला. तमिळमध्ये सुरू झाली. हा कावळा कसा तिच्या आजीच्या घरी रोज न्याहारीआधी खिडकीत यायचा, आजी त्याला आधी भात ठेवायची, तो उशिरा आला तर आजी त्याच्यावर कशी रुसायची. तोंडानं आवाज काढत, हात हलवत. बाळ कावळा सोडून तिच्या तोंडाकडे बघत होतं. माझ्या मुलानं लॅपटॉप मिटला. मला तेव्हा कळलं, आपल्या पोराशी आपल्या भाषेत बोलायचं तिनंही सोडलं होतं, आणि मी मात्र इतके महिने माझीच काय ती गेली म्हणून कुढत होते.

त्यानंतर मुलानं एका बाईंची वेळ घेतली, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या. तरुण आहेत, चेहऱ्यावर हसू, जमिनीवर पोराच्या उंचीला बसून बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, भाषा बंद करायची काही गरज नाही. त्यानं पोरं गोंधळत नाहीत. ज्याला जी मनापासून येते त्यानं त्याच्याशी तीच बोलावी, आणि भरपूर बोलावी. मुलगा तिथेच खाली मान घालून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं चुकलं नव्हतं, तो घाबरला होता. मग बाईंनी आम्हाला एकेकाला विचारलं, तुमची मनातली भाषा कुठली? माझ्याकडे वळून, तमिळ आजीला म्हणतात तसं "पाट्टी" म्हणत, तमिळमध्येच विचारलं, "अचानक दचकलात, घाबरलात, तर तोंडातून काय निघतं? ती तुमची."

मी ताठ बसून सांगितलं, मराठी. मला त्या क्षणी तुझा केवढा अभिमान वाटला! मुलाला म्हटलं, ऐकलंस ना? घरी आल्यापासून माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. अगं बाई, लबाडा, सोन्या, ठोंब्या, उठल्यापासून झोपेपर्यंत. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. बाळ पुन्हा पुस्तक घेऊन माझ्याकडे यायला लागलं, आणि मी मनात ठरवूनच टाकलं की त्याचा पहिला शब्द मराठी असणार. आजी म्हणेल. नाहीतर कावळा. मी वाटच बघत होते, खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी त्याला खाली घेऊन गेले. त्याला चाकाचं पान फार आवडतं. तू म्हणायचीस ना, चित्र दाखवलं की वस्तू पण दाखवावी, म्हणून खऱ्या चाकाला हात लावू द्यायचा. पार्किंगमध्ये कुणीतरी नुकतीच मोटरसायकल लावून वर गेलं होतं. मी त्याला सांगतेय, हे बघ चाक, केवढं मोठं चाक, गरगर फिरतं, आणि तेवढ्यात त्यानं माझं बोट सोडलं. चाक राहिलं बाजूला, तो धावला त्या चकाकणाऱ्या सायलेन्सरकडे. तापलेला असणार, अजून टिकटिक आवाज येत होता. त्याचा हात पुढे गेला. मी किंचाळले, "डेय्! सूडु! तोडादे!"

गरम आहे, हात लावू नको. तमिळमध्ये, आई.

त्याचा हात तिथल्या तिथे थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सायलेन्सरकडे. मग त्याच्यावर बोट रोखून, मीच त्याला रागावत असावे तशा आवाजात, म्हणाला, "सूडु."

पुन्हा म्हणाला. मग माझ्याकडे वळून मला सांगितलं, "सूडु." मी पार्किंगच्या जमिनीवर बसले. त्याला कुशीत घेतलं आणि मोठमोठ्यानं रडले, वॉचमन धावत आला.

घरात काय झालं असेल ते तूच समज. सून ऑफिसातून अर्ध्या कामावरून आली, हसत होती की रडत होती तिलाच कळत नव्हतं. मुलगा फोनवर फोन करत सुटला. बाळ दिवे, भिंत, थंड पाण्याची बाटली, सगळ्याला सूडु म्हणत फिरत होतं. मुलानं विचारलं, "पण हे शिकवलं कुणी? अक्का?" अक्का ओट्याशी उभी होती. लाजली, पदराशी चाळा करत म्हणाली की दूध देताना ती रोज त्याला सांगते. सांगत असेलही. सगळे तिच्याकडे वळले, सुनेनं तिला मिठी मारली, आणि मी "हो, तीच सांगते" म्हणून मोकळी झाले.

हे पत्र कुठे टाकणार? टाकायचं असतं तर लिहिलंही नसतं. तू इतक्या दुपारी माझ्यासाठी एकटीनं मराठी जपलीस, आणि पोराला वाचवायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून खालच्या मामी बोलल्या. मला वाटलं होतं मला याचं वाईट वाटेल. वाटून घ्यायचा प्रयत्नही केला, जमला नाही. पोर बोललं, बस्स. पण त्या बाईंकडून आल्यापासून मी मराठी मराठी करत घर डोक्यावर घेतलं होतं, आता कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून गप्प आहे. अक्का मोठ्या कौतुकानं शेजारी सांगत फिरतेय आणि मी मान हलवते. तुला तेवढं सांगून ठेवते: तो शब्द माझा होता.